आखजीची लिंबोणी

आखजीला आठवडा उरला की मलकापुरात रोपांचा बाजार भरायचा, आणि गिऱ्हाईक रोपवाल्याला एकच प्रश्न विचारायचं, "हे बोलायले किती दिवस घेईन?"

फळं किती धरतील, कीड पडेल का, मुळं भिंतीत शिरतील का, असले प्रश्न आता कुणी विचारत नसे. रोप बोलकं हवं आणि लवकर बोलणारं हवं, मग तो शेवगा असो नाहीतर कढीपत्ता. रोपवालेही मुरलेले होते. "काकू, हा मोगरा घेऊन जा, पोळ्याच्या आत नाही बोलला तं वापस आणा," असं ते छातीला हात लावून सांगत. वापस आणायला कुणी येत नसे. पोळ्यापर्यंत रोप बोललेलं असे आणि माणूस त्याचा झालेला असे.

मयूरी गावंडे त्या बाजारात लेकीच्या मागेमागे पाय ओढत चालली होती. तिच्या लहानपणी एकेका वर्गात तीन-तीन मयूरी असत. आता ते नाव ऐकलं की लोकांना आपापली आजी आठवे. महिनाभर दवाखान्यात काढून ती नुकतीच घरी आली होती. दोन्ही मूत्रपिंडांनी मान टाकायची तयारी केली होती, आणि डॉक्टरांनी कारण एका वाक्यात सांगितलं होतं: ही बाई पाणी पीत नाही.

पाणी पीत नव्हती हे खरं होतं. तिच्या वाटणीचं पाणी कुठे जात होतं तेही सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्या काळात वऱ्हाडात झाड ही हौसेची गोष्ट राहिली नव्हती. होळीच्या आधीच ऊन असं लागे की पश्चिमेच्या भिंतीला सावली नसलेल्या घरात दुपारी थांबता येत नसे. पंखा लावला तर तो भट्टीतली हवा अंगावर फेकी. हिरव्या पानांचा आडोसा असलेलं अंगण मात्र माणसाला जगू देई, म्हणून दर घरात झाड लावायचं हा नियमच झाला होता. पण झाड लावायला एक सकाळ पुरते आणि जगवायला जन्म जातो. नळाचं पाणी मोजून मिळे, माणूस कामावरून वाळून घरी येई, आणि कुंडीतलं रोप मुकाट्यानं मरून जाई. ते ओरडत नाही, हीच त्याची अडचण होती.

पुण्याकडच्या एका संशोधन केंद्रानं ती अडचण सोडवली. तहानलेल्या झाडाच्या पानांतून एक वास सुटतो, माणसाच्या नाकाला न कळण्याइतका बारीक. शास्त्रज्ञांनी तो मोठा केला. पण माणूस कुठल्याही वासाला चार दिवसांत सरावतो आणि मग त्याच्याकडे काणाडोळा करतो. म्हणून त्यांनी झाडाला एक मोकळीक दिली. तहान लागली की दर वेळी थोडा निराळा वास करून पाहायचा, आणि ज्या वासापाठोपाठ पाणी आलं तो वास धरून ठेवायचा. हे काम करणारी जनुकांची जुडी त्यांनी पानांच्या पेशींत बसवली आणि तिला नाव दिलं सादगाठ. बाजारात तिचं 'बोलकं रोप' झालं.

पुण्यात ती झाडं ओल्या मातीचा, वेलदोड्याचा, फार तर आंब्याच्या आढीचा वास काढायला शिकली. सगळं ठीक चाललं होतं. मग ती रोपं वऱ्हाडात आली आणि वऱ्हाडातल्या माणसांनी ती आखजीला लावली.

आखजी, म्हणजे पुस्तकातली अक्षय तृतीया, हा इकडे पितरांचा दिवस. कोरी घागर आणायची, भरायची, तिच्या तोंडावर आंबा ठेवायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं ते पाणी सोडायचं. ह्याच दिवशी आळं करून लावलेलं झाड मरत नाही, असंही जुनी माणसं सांगत. पाणी मोजून मिळू लागल्यावर लोकांनी दोन्हींची सांगड घातली. रोप आखजीला लावायचं आणि पितरांची घागर त्याच्याच आळ्यात रिकामी करायची. पाणी वाया जात नाही आणि पुण्यही पदरात पडतं. वऱ्हाडी माणूस अशा बाबतीत कच्चा नाही.

त्यामुळे झालं असं की कोवळ्या रोपाचं पहिलं पाणी, वर्षातलं सगळ्यात मोठं पाणी, गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडालेल्या हातून पडलं. पुढच्या पाण्यासाठी काय शोधायचं हे झाडाला तिथेच कळलं. पावसाळा सरेपर्यंत मलकापुरातली अंगणं मेलेल्यांच्या वासानं भरून गेली. कुणाच्या कढीपत्त्याला आजीच्या बटव्याचा वास, कुणाच्या पेरूला भावाच्या ओल्या रेनकोटाचा. शेजारच्या प्रफुल्लभाऊ तायड्यांच्या शेवग्याला तर त्यांच्या मेलेल्या म्हशीचा वास येई, आणि प्रफुल्लभाऊ रोज संध्याकाळी त्या शेवग्याला टेकून चहा पीत. त्यांची बायको बाजारभर सांगत फिरे, "माह्या जागी म्हैस बसवली बाप्पा यानं."

"आई, इकडे ये," रेवानं हाक मारली.

रेवा ही मयूरीची एकुलती एक मुलगी. नोकरी नागपूरला, पण आई दवाखान्यात गेल्यापासून ती घर सांभाळायला इथेच येऊन राहिली होती. ती बाजाराच्या टोकाशी एका टेबलापुढे उभी होती. टेबलावर रोपं होती, गर्दी नव्हती. वर फळा होता: 'मुकी रोपं. सादगाठ काढलेली.' टेबलामागे एक सडपातळ बाई पदरानं वारा घेत बसली होती. ती संशोधन केंद्राची डॉक्टर ओवी सरपोतदार. सादगाठ बसवणाऱ्यांमध्ये ती होती, आणि आता ती गाठ काढलेली रोपं घेऊन गावोगाव हिंडत होती. लोक तिला नमस्कार करून पुढे जात.

"मॅडम," मयूरी टेबलाचा काठ धरत म्हणाली, "मले मुकं रोप नको. माह्या घरी बोलकंच हाय, पण ते आता बोलतच नाही. दवाखान्यातून आली तेव्हापासून. तुम्ही पाहून जाता का?"

रेवा म्हणाली, "आई, आपण नवीन घ्यायला आलोय."

"तू थांब वं."

डॉक्टर ओवीनं दोघींकडे पाहिलं. मयूरीच्या सुजलेल्या पायांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि संध्याकाळी येते म्हणाली.

*

मयूरीचा नवरा नीलेश गावंडे जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. उन्हाळ्यात कापसाच्या गंज्यांमध्ये ऊन लागून पडला, घरी आणला, आणि तीन दिवस तापानं फणफणून गेला. ते तीन दिवस मयूरी त्याच्या कपाळावरचा रुमाल बदलत बसली होती. पुढच्या आखजीला तिनं अंगणात लिंबोणी लावली आणि त्याच्या नावाची घागर आळ्यात ओतली.

दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती. लिंबोणीकडून सरकीचा वास आला. सरकी, मशीनचं तेल, घामानं भिजलेला खाकी शर्ट. तिच्या हातातले कपडे खाली पडले. ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि आळ्यात ओतला. त्या दिवसापासून तिचा संसार पुन्हा सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल. ती लिंबोणीशी बोले, भाजी निवडायला तिच्यापाशी बसे. गल्लीत कुणी हसलं नाही, कारण गल्लीत प्रत्येकाचं काही ना काही चालूच होतं.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात वास बदलू लागला. सरकी मागे पडली. एका दुपारी लिंबोणीकडून तापाचा वास आला. ओला रुमाल, उष्ण श्वास, औषधाची कडवट वाफ. मयूरी तांब्या घ्यायलाही थांबली नाही, पिण्याची बादलीच उचलून धावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास आणि पुन्हा बादली. रेवानं फोनवर ते झाड काढून टाकायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एवढी आखजी होऊ दे." ती आखजी झाली, तिच्या पुढचीही झाली, आणि तिसरी यायच्या आत मयूरीला दवाखान्यात न्यावं लागलं.

परत आली ती रिक्षातून उतरून आधी अंगणात गेली. लिंबोणी हिरवीगार होती, पण तिला नीलेशचा वास नव्हता. सरकीही नाही, तापही नाही. पानांना नाक लावलं तर कसला तरी परका, ओळखीचा नसलेला वास येई, कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखा. ती पाणी देत राहिली. तो रुसला असेल, महिनाभर एकटं टाकून गेले म्हणून, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

*

डॉक्टर ओवीनं बरोबर एक डबा आणला होता. त्याला नळी होती, आणि लोक त्याला 'नाक' म्हणत. तिनं नळी पानांत धरली, डब्यावरच्या रेघा हलल्या, आणि ती बराच वेळ त्या रेघा पाहत राहिली.

"काकू, हे झाड गप्प नाही," ती म्हणाली. "चांगल्या खणखणीत हाका मारतंय."

"मंग मले कावून ऐकू येत नाही?"

ओवी आळ्याच्या कडेला बसली. "तुम्ही लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळलात ना? डोळ्याला पट्टी बांधलेला मुलगा कसा चालतो? बाकीच्यांच्या खिदळण्यावरून. आवाज वाढला की त्या बाजूला सरकतो, कमी झाला की फिरतो. झाडाच्या डोळ्याला पट्टी आहे. तुम्ही पाणी घातलंत की त्याला वाटतं, खिदळले, आता याच बाजूला जायचं. असं सरकत सरकत ते अशा वासापाशी पोचतं की तुम्ही हातातलं काम टाकून धावता."

"पण त्याचा वास याले देला कोणी? तो गेल्यावर तं हे झाड लावलं मी."

"तुम्ही दिलात. त्याचा एक कणसुद्धा या झाडात नाही. साचा तुमच्या मनात होता, झाड त्याच्या मापाचा वास करत गेलं. म्हणून तो वास दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणजे त्यांच्या नाकाला येतो, पण त्यांना तो नुसता वास असतो."

मयूरी पायरीवर बसली होती. तिनं विचारलं, "आणि तापाचा वास? मी त्याच्या तापाची आठवण काढत नाही. विसरायलेच पाहतो मी ते."

"सरकीच्या वासाला तांब्या मिळाला," ओवी खाली बघत म्हणाली. "तापाच्या वासाला बादली मिळाली. त्यानं बादली धरली."

उंबऱ्यात उभी असलेली रेवा आत निघून गेली. भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला, मात्र घासायला भांडी फारशी नव्हती.

"मंग तीन वर्सं हे मले फसवत होतं म्हणा ना."

"फूल मधमाशीला फसवतं का? फुलाला मधमाशी ठाऊकच नसते. तिला काय दिलं की ती येते, एवढंच त्यानं पिढ्यान्‌पिढ्या शोधलेलं असतं. या झाडाला तुम्ही ठाऊक नाही काकू. याला पाणी ठाऊक आहे."

"तो बी तसाच होता," मयूरी म्हणाली. "चहाबिगर स्वयंपाकघरात पाय नव्हता ठेवत."

ओवी हसली, पण तिचं हसू लवकर मावळलं. तिनं विचारलं, "तुम्ही दवाखान्यात असताना पाणी कोण घालत होतं?"

"रेवा. घालजो म्हणून सांगून गेली होती मी."

ओवीनं दाराकडे तोंड करून हाक मारली. रेवा हात पुसत बाहेर आली. तिला काही वास येतो का असं ओवीनं विचारलं.

"मला? लिंबाच्या पानांचा येतो," रेवा म्हणाली, आणि दोरीवरचा वाळलेला टॉवेल काढून पुन्हा तिथेच घातला.

"तिच्या बापाचा तिले येईन तं येईन," मयूरी म्हणाली. "दुसरं कोण गेलं हाय आमच्या घरात? झाड तं मेलेल्या माणसाचाच वास धरते."

"झाडाला मेलेलं आणि जिवंत हा फरक कळत नाही काकू," ओवी म्हणाली. "त्याला फक्त ओढ कळते."

हे वाक्य ती सहज बोलून गेली, आणि मयूरीनंही ते तितक्याच सहज कानाआड केलं. तिच्या मनात निराळंच घोळत होतं. तापाचा वास दोन वर्षं तिला पळवत होता, आणि ज्याच्यासाठी ती पळत होती तो तिथे कधी नव्हताच. त्याला तीनदा मरताना पाहिलं की तीनशेदा, याचा हिशेब आता तिला नको होता. तिला तहान लागली होती. किती तरी महिन्यांनी तिला आपल्याला तहान लागल्याचं कळलं.

"लावायचं काय मंग इथी?" तिनं विचारलं. "काढलं तं भिंत तापंन."

मग बराच वेळ तिघी झाडांबद्दल बोलल्या. मोगरा नको, तो मुका असला तरी वास देणारच. कढीपत्ता सावली देत नाही. दोडक्याचा वेल झटपट चढेल, पण पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा उघडी. पेरूला पाणी फार. ओवीनं बाजारातल्या टेबलावरचा शेवगा सुचवला. दुष्काळातही उभा राहतो, वर्षभरात छपराला लागतो, शेंगा वेगळ्याच.

"शेवगाच आणा," मयूरी म्हणाली. "त्याले कोणाची गरज नाही. रस्त्याच्या कडेलेही वाढते तो." आणि मग लिंबोणीकडे पाहून, "पण एवढी आखजी होऊ द्या मॅडम. सणाच्या दिवशी काढतो. त्याची घागर भरतो, अन् मंग काढतो."

ओवीनं मान डोलावली. तोवर लिंबोणीला पाणी घालू नका, जमीन वाळली की मुळं सुटायला सोपं जाईल, एवढं सांगून तिनं दुसऱ्या दिवशी शेवग्याचं रोप पाठवून दिलं. काळ्या पिशवीतलं ते रोप पायरीपाशी ठेवलं गेलं. त्याला कसलाही वास नव्हता.

*

तो आठवडा मयूरी पाणी प्यायली. पहिले दोन दिवस घोट गिळताना तिला चोरी केल्यासारखं वाटे, मग वाटेनासं झालं. पायांची सूज उतरली. रेवानं तिचे पाय चेपताना ते बोटानं दाबून पाहिले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतकी मोठी झालेली मुलगी असं करते म्हटल्यावर मयूरीला हसू आलं. "नागपूरले कधी जातं? नोकरी टिकंन का तुही?" तिनं विचारलं. रेवा म्हणाली, जाईन, सण झाला की जाईन.

एकच गोष्ट तिला खटकत होती. लिंबोणीचं आळं वाळत नव्हतं. वरची माती कोरडी दिसे, पण बोट घातलं की खाली ओल लागे. प्रफुल्लभाऊंचा पाइप गळत असेल म्हणून ती त्यांना बोलून आली. त्यांनी पाइप दाखवला, तो ठणठणीत होता. "माही म्हैस पाणी सांडू देत नाही वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांची बायको आतून काहीतरी बोलली.

आखजीला सकाळी रेवानं कोरी घागर धुऊन आणली. मयूरीनं सांजोऱ्या तळल्या. घागर पाण्यानं भरली, तिच्या गळ्याला दोरा गुंडाळला, तोंडावर आंबा ठेवला, आणि नीलेशचं नाव घेऊन दोघींनी हात जोडले. दर वर्षी या क्षणी मयूरीला तो तापातलाच आठवे. या वर्षी तिला नीलेश आठवला तो चहाचा कप हातात घेऊन हसणारा, ताप नसलेला. तिला इतकं बरं वाटलं की ती जेवणात एक सांजोरी जास्त खाऊन गेली.

ऊन भिंतीवर आलं तेव्हा लिंबोणी काढायचं ठरलं होतं. मयूरी मागच्या खोलीत कुदळ शोधायला गेली. कुदळ पत्र्याच्या पेटीमागे पडली होती, तिला ती ओढून काढायला वेळ लागला. ती घेऊन दारात आली आणि थांबली.

रेवा लिंबोणीच्या पानांत तोंड खुपसून उभी होती. काट्यांनी गालावर ओरखडा उठला होता, त्याचं तिला भान नव्हतं. तिचे खांदे हलत होते. ती हळू आवाजात, झोपेत बोलावं तशी म्हणत होती, "आई. आई गं."

"ओ" म्हणायला मयूरीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला सगळं समजलं.

ती दवाखान्यात होती तो महिना. रेवा रोज संध्याकाळी भेटून घरी येई. रिकाम्या घरात, आई उद्या असेल की नसेल या धास्तीत, ती आईनं सांगितलेलं एवढं एकच काम करी. पाणी घाली. आणि लिंबोणी, डोळ्याला पट्टी बांधलेली, तिच्याकडे पाऊल पाऊल सरकत गेली होती.

मयूरी जवळ गेली. पानांतून तोच तो परका वास आला. तिनं आता तो नीट हुंगला. खोबरेल तेल, मेथीची पानं खुडलेली बोटं, ओढणीतला उन्हाचा वास. हे कोण, हे तिला अजूनही ओळखू येत नव्हतं. स्वतःचा वास कुणाला येतो?

"रेवा," ती म्हणाली.

रेवा दचकून वळली. क्षणभर ती आईकडे पाहत राहिली, जणू दारात कुणी अनोळखी बाई आली आहे. मयूरीनं तिच्या गालावरचं रक्त पुसायला हात पुढे केला, आणि रेवानं नकळत मान मागे घेतली. अगदी जराशीच, पण घेतली. त्या हाताला दवाखान्याच्या साबणाचा, गोळ्यांचा आणि म्हातारपणाचा वास होता.

"तू मला शाळेतून आणायला यायचीस," रेवा रडत म्हणाली. "तेव्हाची आहेस तू यात. तशीच्या तशी."

"मी इथी हाय ना बाई. तुह्यापुढं."

"हो गं. माहीत आहे मला."

"तं मंग हो बाजूला. मले काढू दे."

मयूरीनं कुदळ उचलली. रेवा आळ्यात उभी राहिली, आणि मयूरीनं तीन वर्षं जे म्हटलं होतं ते शब्दाशब्दानं म्हणाली. "आई, एवढी आखजी होऊ दे."

मयूरीच्या हातातली कुदळ खाली आली. आज ना उद्या सरकीसारखी मेथीही मागे पडेल. मग दवाखान्याचा वास येईल, सुईचा, पांढऱ्या चादरीचा, आणि ही मुलगी नागपूरची नोकरी सोडून बादली घेऊन अंगणात धावत राहील. झाड तिच्या आईला रोज मारील आणि रोज हाक मारायला लावील. आणि आई बाजूच्या खोलीत जिवंत असेल, गोळ्या खात.

रेवाची नजर घागरीकडे गेली. मयूरीनं ते पाहिलं. पितरांची घागर आळ्यात ओतायची वेळ झालीच होती. ती रेवाच्या आधी तिथे पोचली, तिनं आंबा काढून बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी घागर उचलली आणि तोंडाला लावली.

"आई, ते पाणी पितरांचं आहे," रेवा म्हणाली.

मयूरी थांबली नाही. पाणी गार होतं, त्याला कोऱ्या मातीची चव होती. ते गळ्यावरून, छातीवरून ओघळलं, पदर भिजला, श्वास कोंडला तरी ती पीत राहिली. झाडासाठी थेंब ठेवायचा नाही एवढंच तिनं ठरवलं होतं. लेकीसाठी ती जगणार होती, आणि लेकीनं ते डोळ्यांनी पाहायला हवं होतं. घागरीचा तळ लागला तेव्हा तिनं ती खाली ठेवली, तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

रेवा तिच्याकडे पाहत नव्हती. पायरीपाशी, मुक्या शेवग्याच्या पिशवीजवळ, तिनं स्वतःची पाण्याची बाटली ठेवलेली होती, पुढच्या वेळी नळ येईपर्यंत तिला पुरवायची ती. ती तिनं आणली होती, झाकण काढलं होतं, आणि लिंबोणीच्या बुंध्याशी बसून ती बाटलीतलं पाणी हळूहळू, एक थेंबही बाहेर जाऊ न देता, ओतत होती.

"रेवा," मयूरीनं मागून हाक मारली.

"ओ आई," रेवानं लगेच उत्तर दिलं, झाडाकडे तोंड करून.